जुन्या ऑक्टाव्हिया आरएसचा टर्बो घरी बदलायचा, आणि तो खान्देशच्या उन्हात टिकवायचा

टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, विकत घ्यायच्या आधी त्याला तेल पोचवणारी पाईप विकत घ्या. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझा एक चांगला टर्बो वाचला असता. एका गॅरेजला गाडी दिली होती, त्यांनी टर्बो नवा बसवला आणि वरून जुनीच तेलाची पाईप लावली, आत कोळसा जमलेला, तेल जाणार कुठून, दोन महिन्यांत शिट्टी वाजायला लागली आणि मग निळा धूर. तेव्हापासून ठरवलं की हे काम आपण स्वतः करायचं, सावकाश, सगळं समजून घेऊन. आता दुसऱ्यांदा घरच्या शेडमध्ये केलंय आणि गाडी दोन उन्हाळे काढून बसली आहे, म्हणून लिहितोय.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, आपल्याकडे २००४ च्या सुमारास आली ती. १.८ लिटर पेट्रोल, २० व्हॉल्व्ह, १५० हॉर्सपॉवर, २१० न्यूटन मीटर. त्यावर येतो के०३ नावाचा छोटा टर्बो. हेच इंजिन बाहेरच्या देशात १८० हॉर्सपॉवरमध्ये पण यायचं आणि त्याला के०३एस हा थोडा मोठा भाऊ असायचा, आणि तो आपल्या मॅनिफोल्डला (इंजिनातून जळलेला वायू बाहेर नेणारा भाग) सरळ बसतो. माझं काम तेच, के०३ काढून के०३एस. लोक म्हणतात के०४ टाक, हायब्रिड टाक, अजून मोठा टाक. माझं मत विचाराल तर जळगाव, धुळे, नंदुरबार ह्या तीन जिल्ह्यांत गाडी चालवायची असेल तर के०३एस वर थांबा, कारण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्या हवेत मोठ्या टर्बोची पॉवर कागदावरच राहते, गरम हवा आत गेली की इंजिन नॉक करतं (पेट्रोल आपोआप भडकून खडखड होते), कॉम्प्युटर इग्निशन मागे खेचतो (ठिणगी उशिरा टाकतो) आणि गाडी स्टॉकपेक्षा, म्हणजे कंपनीतून आली त्यापेक्षा पण मठ्ठ वाटते. इथे खरा खेळ तेलाचा आणि उष्णतेचा आहे, बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा आकडा नंतर.

थोडं आत काय चालतं ते समजून घ्या, मग प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं. टर्बोत एका शाफ्टवर दोन पंखे असतात, एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूने फिरतो आणि दुसरा इंजिनात हवा कोंबतो. हा शाफ्ट मिनिटाला दीड लाखाच्या वर फेरे घेतो. ह्या टर्बोत बॉल बेअरिंग नसतं, शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, आणि एका बाजूला ९०० डिग्रीच्या घरात तापलेला वायू असतो. म्हणजे तेल दोन-चार सेकंद नाही पोचलं तरी बेअरिंग खरडलं समजा. कुलंट पण टर्बोतून फिरतं ते ह्याच उष्णतेसाठी.

आता आधी गाडी लायक आहे का ते बघा. वीस वर्षांची गाडी आहे. कॉम्प्रेशन टेस्ट (प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजणं) करा, कुठलाही सिलिंडर ७ बारच्या खाली असेल किंवा सगळ्यांत मिळून ३ बारपेक्षा जास्त फरक असेल तर टर्बोचे पैसे इंजिनात घाला. ऑइल चेंबर उतरवून आतली जाळी बघा, ह्या इंजिनात काळा गाळ साचून जाळी बंद होण्याची जुनी तक्रार आहे, आणि कितीही महाग टर्बो आणला तरी जाळी बंद असेल तर तो मरणारच. चेंबर उतरवलंच आहे तर धुऊन घ्या. इनटेक मॅनिफोल्डच्या खाली ब्रीदरचे (इंजिनातली वाफ बाहेर काढणारे) रबरी पाईप असतात, ते आपल्या उन्हात बिस्किटासारखे तुटतात, हात लावून दाबून बघा. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते आठवत नसेल तर तोही आत्ताच. चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये अॅक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतो पण वेग चढत नाही असं होत असेल तर क्लच आधी.

कागदाचं पण बोलू. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सुप्रीम कोर्टाचा २०१९ चा निकाल आहे, कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या पलीकडे गाडीत बदल चालत नाही. त्यामुळे आरटीओत आधी विचारा, इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी हात वर करतील. आणि १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फिटनेस दाखवून रजिस्ट्रेशन रिन्यू करायचं असतं हे पण डोक्यात ठेवा. मी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढला नाही आणि काढू पण नका, पीयूसीचं सोडा, आपल्याच गल्लीतली पोरं तो धूर घेतात.

टर्बो घेताना. ओरिजिनल के०३एस हा केकेकेचा, म्हणजे आता बॉर्गवॉर्नरचा. ऑनलाइन त्याच नावाने फार कॉपी माल येतो, चकचकीत असतो, पण बॅलन्सिंग केलेलं नसतं आणि दीड लाख आरपीएमला बॅलन्स म्हणजे सगळं काही. पाटीवरचा पार्ट नंबर जुळवून बघा. जुना घेत असाल तर शाफ्ट बोटाने हलवा: आडवा किंचित हलतो, तेवढं चालतं कारण तेल नसताना तो मोकळाच असतो, पण आत-बाहेर सरकला तर नको, आणि पंख्याचं पातं भिंतीला घासलेलं दिसलं तर हात जोडून परत या. पात्यांच्या कडा बारीक कुरतडल्यासारख्या दिसल्या तर त्या टर्बोने धूळ खाल्ली आहे.

टर्बोसोबत हे सगळं नवं आणायचं, ह्यात काटकसर करू नका: तेल येण्याची पाईप, तेल परत जाण्याची पाईप, सगळ्या तांब्याच्या वायसरी, मॅनिफोल्ड आणि डाऊनपाईपची (टर्बोतून सायलेन्सरकडे जाणारी पाईप) गॅस्केटं, टर्बो मॅनिफोल्डला धरणारे तीन बोल्ट, डाऊनपाईपचे नट, ऑइल फिल्टर, व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं फुल्ली सिंथेटिक ५डब्ल्यू४० तेल (साडेचार लिटरच्या आसपास लागतं, मी पाच आणतो), गुलाबी जी१२ कुलंट, आणि के०३एसचा इनटेक पाईप, कारण त्याचं तोंड के०३पेक्षा मोठं आहे, जुना रबरी पाईप ताणून बसवायला गेलात तर पहिल्याच बूस्टला सुटेल. ही तेलाची पाईप मुद्दाम सांगतो, ती एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वरून जाते, गाडी बंद केली की आतलं थांबलेलं तेल तिथे भाजून कोळसा होतं. नवी बसवताना तिच्यावर उष्णतारोधक कापडी नळी चढवा आणि मॅनिफोल्डवरची पत्र्याची शील्ड परत लावा, बरेच जण ती काढून भंगारात टाकतात.

हत्यारं: गोटी पान्यांचा सेट लांब एक्स्टेंशनसकट, रिंग पाने, टॉर्क रेंच, ड्राइव्ह शाफ्टच्या बोल्टसाठी बारा टोकांची एक्सझेडएन बिट (एलन की घालून बघू नका, बोल्टचं डोकं गोल होतं आणि मग वेल्डर शोधत फिरायचं), चांगला जॅक आणि दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). घोड्या सिमेंटच्या कोब्यावरच ठेवायच्या. शेणाने सारवलेल्या अंगणात नाही, काळ्या मातीत तर अजिबात नाही, आणि विटा किंवा लाकडाचे ठोकळे लावून गाडीखाली कुणीच जाऊ नका, तेराशे किलोची गाडी आहे. मी एकटा असताना खाली जात नाही, मामेभाऊ शेजारी बसलेला असतो.

दिवस निवडताना दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंतचा धरा. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये केलं, पत्र्याच्या शेडखाली सकाळी दहालाच पाना हातात धरवत नव्हता, आणि थकल्यावर माणूस घाई करतो. तीन रविवार ठेवा. पहिल्या रविवारी फक्त नट सोडवायचे.

हो, खरंच एक अख्खा दिवस त्याला. टर्बो इंजिनच्या मागे, फायरवॉलकडे असतो, आणि त्याचे नट वीस वर्षं तापून-थंड होऊन गंजून गेलेले असतात. आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी गाडी थंड झाल्यावर गंज सोडवायचं तेल मारत राहा. नट हलत नसेल तर आधी जरा घट्ट करायच्या दिशेला झटका द्या, मग सोडा. तरीही नाही तर गॅसच्या टॉर्चने नट लाल होईपर्यंत तापवा, पण त्याआधी आजूबाजूचं तेल पुसून, पेट्रोलच्या पाईपांपासून लांब, बॅटरी काढून आणि शेजारी आग विझवायचा सिलिंडर ठेवूनच. पान्याला लांब पाईप लावून जोर काढू नका, स्टड तुटतो. तुटलाच तर स्वतः ड्रिल मारत बसू नका, मॅनिफोल्ड उतरवून लेथवाल्याकडे न्या, जळगावला अजिंठा चौफुलीकडे किंवा एमआयडीसीत अर्ध्या दिवसात तुटका स्टड काढून नवे आटे पाडून देतात.

काढायचा क्रम असा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. कुलंट काढा, आणि ते उघड्या घमेल्यात ठेवून जेवायला जाऊ नका, ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्रं-मांजर-शेळी पिऊन मरते. तेल काढा. वरून एअर बॉक्स, इनटेक पाईप आणि शील्ड काढा, प्रत्येक होजला चिकटपट्टी लावून नंबर टाका आणि मोबाईलवर फोटो काढा, व्हॅक्यूमच्या बारीक नळ्यांचं जाळं नंतर आठवत नाही. मग तेलाच्या पाईपचा वरचा बोल्ट आणि कुलंटचे बोल्ट सैल करा. आता खाली: उजवा ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्सकडून सहा बोल्ट सोडून बाजूला तारेने बांधून ठेवा, लोंबकळू देऊ नका, बूट फाटतो. डाऊनपाईपचे चार नट सोडा, ऑक्सिजन सेन्सरची वायर आधी मोकळी करा. टर्बोच्या पोटाखालचा ब्रॅकेट, तेल परत जाण्याची पाईप, आणि सगळ्यात शेवटी मॅनिफोल्डचे ते तीन बोल्ट. तिसरा बोल्ट काढताना खालून हात द्यायला माणूस हवा. टर्बो खालूनच बाहेर येतो, जरा फिरवून वाकवून काढावा लागतो पण येतो.

टर्बो निघाला की लगेच इंजिनाची सगळी उघडी तोंडं टेपने बंद करा. आपल्याकडे धूळ आहे, आणि जिनिंगच्या हंगामात हवेत कापसाचे तंतू उडत असतात. गॅरेजात हात पुसायला जो कॉटन वेस्ट असतो तो टर्बोच्या आसपास आणायचाच नाही, त्याचा एक धागा तेलाच्या भोकात गेला तर संपलं. मी जुन्या टेरिकॉटच्या चिंध्या वापरतो. तसंच लाल-काळं सिलिकॉन गॅस्केट पेस्ट तेलाच्या पाईपच्या जोडाला लावू नका, जास्तीचं आत वळतं, तुकडा सुटतो आणि भोकात अडकतो. तिथे फक्त कोरडं गॅस्केट.

बसवताना उलटा क्रम, पण तीन ठिकाणी थांबा. एक, मॅनिफोल्ड आणि टर्बोच्या जोडाचा पृष्ठभाग काचेवर पॉलिश पेपर ठेवून तपासा, वाकडा असेल तर लेथवाल्याकडून सपाट करून घ्या. दोन, सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण बसवा आणि मग टॉर्क रेंचने दोन फेऱ्यांत घट्ट करा, आकडे सर्व्हिस मॅन्युअलचेच घ्या, अंदाज नको. स्टडला तांब्याची अँटीसीझ पेस्ट लावा, पुढच्या वेळी हात जोडाल. तीन, तेल परत जाण्याची पाईप सरळ खाली उतरली पाहिजे, कुठेही पिळ किंवा चेपलेली नको, कारण टर्बोत तेल दाबाने येतं पण परत जातं ते फक्त उतारावर, अडलं तर सील मधून बाहेर पडतं आणि लोक टर्बोला दोष देतात.

वरची तेलाची पाईप लावायच्या आधी टर्बोच्या तेलाच्या भोकात स्वच्छ तेल ओता आणि पंखा बोटाने हळूहळू फिरवा, भरेल तितकं भरा. नवं तेल आणि फिल्टर टाका, कुलंट भरा. आता इंजिन सुरू करायचं नाही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, इग्निशन कॉइलचे प्लग काढा, आणि सेल्फ दहा-दहा सेकंद मारत राहा, मध्ये मिनिटभर थांबा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. विझल्यावर अजून दोनदा मारा. मग फ्यूज, कॉइल जोडून चालू करा आणि अॅक्सिलरेटरला हात न लावता दहा मिनिटं आयडलवर ठेवा, खालून टॉर्च मारून गळती बघा. पहिल्यांदा थोडा धूर येतो, हाताचं तेल, पेस्ट जळतं, ते जातं.

पुढची गोष्ट माझी आवडती आहे, लीक टेस्ट. जळगाव ठिबकचं गाव, पीव्हीसीचा एंड कॅप कुठल्याही पाईपच्या दुकानात मिळतो. इनटेक पाईपच्या मापाचा एंड कॅप घ्या, मधोमध भोक पाडून ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह बसवा, तो कॅप टर्बोच्या इनटेक पाईपमध्ये क्लॅम्पने घट्ट आवळा. ब्रीदरचा पाईप इनटेकपासून काढून दोन्हीकडे बूच मारा, नाहीतर दाब ऑइल चेंबरमध्ये शिरून सील उडवेल, आणि तेलाचं झाकण उघडं ठेवा. पायाच्या पंपाने किंवा रेग्युलेटर असलेल्या कॉम्प्रेसरने अर्ध्या बारपासून सुरू करा, १ बारच्या वर जायचं नाही, आणि कॅपच्या समोर तोंड ठेवू नका. साबणाचं पाणी प्रत्येक जोडावर मारा, बुडबुडे कुठे येतात बघा. माझ्याकडे इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा रेडिएटरसारखा भाग) खालच्या होजला कात्रीने कापल्यासारखी चीर होती, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. ही चीर राहिली असती तर कॉम्प्युटरमध्ये पी १२९७ हा बिघाडाचा कोड आला असता, म्हणजे टर्बो आणि थ्रॉटलच्या मध्ये दाब पडतोय, आणि टर्बो बिचारा तो दाब भरून काढायला जास्त फिरत बसला असता.

इंटरकूलर ह्या गाडीत पुढच्या कोपऱ्यात, चाकाच्या पुढे असतो, छोटा आहे आणि चिखल-मातीने भरतो. उतरवून पाण्याच्या हलक्या धारेने धुवा, आतून पेट्रोलने हलवून तेल काढा आणि पूर्ण सुकवा. पैसे उरले तर समोर मोठा इंटरकूलर लावा, माझ्या मते आपल्या भागात टर्बोइतकाच तो महत्त्वाचा आहे. आणि उघडा कोन फिल्टर लावू नका. आवाज छान येतो मान्य, पण बोनेटखालची गरम हवा ओढतो आणि रावेर-सावद्याकडे केळीच्या ट्रकमागे दहा किलोमीटर गेलात तर धूळ पण. कंपनीचा डबा ठेवा, फिल्टर लवकर बदला.

ट्यूनशिवाय, म्हणजे ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) प्रोग्रॅम बदलल्याशिवाय के०३एसचा पूर्ण फायदा नाही. ज्याच्याकडून ईसीयूची फाईल घ्याल त्याला तीन गोष्टी सांगा: आपलं तापमान, पंपावर किती ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं हे, आणि आता ते ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे हे. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो म्हणून तेवढ्याच हवेला जास्त इंधन फवारावं लागतं, स्टॉक इंजेक्टर आधीच बूस्टमध्ये ताणलेले असतात, त्यामुळे युरोपातली तयार फाईल जशीच्या तशी टाकली तर फुल बूस्टला मिश्रण पातळ होतं आणि पिस्टन वितळायला तेवढं पुरे. ९५ ऑक्टेन मिळत असेल तर तेच भरा. पेट्रोलचे जुने रबरी पाईप ह्याच निमित्ताने बदला, ही गाडी २० टक्के इथेनॉलसाठी बनलेली नाही. फाईल जानेवारीत बसवली असेल तर एप्रिलमध्ये परत लॉग (चालत्या गाडीतून लॅपटॉपवर उतरवलेले कॉम्प्युटरचे आकडे) काढून पाठवा, नॉकमुळे इग्निशन किती मागे खेचलं जातंय ते बघायला सांगा. जानेवारीतली गोड गाडी मे मध्ये तशीच असते असं नाही.

पहिले दीड-दोनशे किलोमीटर बूस्ट न मागता चालवा. मी धुळे रोडला सकाळी सहाला जाऊन आलो दोन-तीनदा. मग लॅपटॉप लावून, शेजारी लॉग बघणारा दुसरा माणूस बसवून, रिकाम्या सरळ रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २००० पासून ४५०० आरपीएमपर्यंत एकदाच दाबा, बास. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट ह्या दोन रेषा जवळजवळ चालल्या पाहिजेत. मिळालेला वर उडत असेल तर लगेच पाय काढा, वेस्टगेटची (जास्तीचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) नळी निसटलेली असते बहुतेक. फुल पॉवर बघायची असेल तर डायनोवर (गाडी जागेवरच रोलरवर चालवून पॉवर मोजायचं यंत्र) बघा, हायवेवर कापसाचे ट्रॅक्टर बिनालाईटचे असतात आणि माणसं रस्ता ओलांडत असतात, तिथे हौस नको. उष्णतेची खरी परीक्षा मी चाळीसगावहून कन्नड घाट चढून घेतली, चार माणसं, एसी चालू, साध्या वेगाने, आणि वर पोचल्यावर कुलंटचा काटा आणि इनटेक टेम्परेचर दोन्ही पाहिले. वर गेल्यावर चावी लगेच फिरवू नका, दोन मिनिटं आयडलवर राहू द्या म्हणजे टर्बोत ताजं तेल आणि कुलंट फिरून तो थंड होतो, नव्या पाईपमध्ये कोळसा न होण्याचा हाच उपाय आहे. घरी येताना शेवटचे दोन किलोमीटर हळू आणा, तेही चालतं.

५०० किलोमीटर झाले की मॅनिफोल्डचे तीन बोल्ट आणि डाऊनपाईपचे नट गाडी पूर्ण थंड असताना परत टॉर्क रेंचने तपासा, तापून-थंड होऊन किंचित ढिले पडलेले असतात. त्याच दिवशी तेल बदला आणि जुना फिल्टर करवतीने कापून त्याचा कागद उन्हात उलगडून बघा. काळं असेल तर ठीक. त्यात पितळी चमक दिसली तर गाडी तिथेच उभी ठेवा आणि आधी तेलाचा दाब मोजा. पुढे दर ५००० किलोमीटरला तेल, पुस्तकात काहीही लिहिलेलं असो.